सांबरा ते नांदेड: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून दूरच्या लहान विमानतळांवर जाणाऱ्यांना मी गेली अनेक वर्षे अंतर आणि वेळ काढून देत आलो आहे. तयार उत्तर देणारी कित्येक संकेतस्थळे अंतर शहराच्या मध्यापासून मोजतात आणि वेग मोठ्या जेट विमानाचा धरतात. सांबरा हे बेळगावचे विमानतळ शहरापासून दहाएक किलोमीटर पूर्वेला असल्यामुळे, आणि लहान धावपट्ट्यांवर बहुधा एटीआरसारखी पंख्यांची विमाने येत असल्यामुळे, अशा उत्तरांवर विसंबू नये.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत. सांबरा १५ अंश ५२ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३७ मिनिटे पूर्व. नांदेड १९ अंश ११ मिनिटे उत्तर, ७७ अंश १९ मिनिटे पूर्व.

खरी अडचण यापुढे येते. अंशाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत. त्यामुळे १५ अंश ५२ मिनिटे म्हणजे १५.५२ नव्हे, तर ५२ भागिले ६० करून १५.८७ होतात. मी पहिल्यांदा सांबरा ते हुबळी हे अंतर काढले तेव्हा मिनिटे तशीच दशांशचिन्हापुढे मांडली, आणि हुबळीच्या ७५ अंश ५ मिनिटांचे ७५.५ केले. उत्तर १२५ किलोमीटर आले. रस्त्यानेच हुबळी सुमारे १०० किलोमीटर आहे; विमानाची सरळ रेषा रस्त्याहून लांब कशी असेल, हे लक्षात आले तेव्हा चूक सापडली. योग्य उत्तर ७५ किलोमीटर आहे. तेव्हापासून रस्त्याच्या अंतराशी ताडून पाहिल्याशिवाय मी कोणालाही आकडा सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नये.

दुसरी चूकही येथेच होते. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर भरतो. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे जाताना आखडत जातो. म्हणून १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरील cos या बटणाने मिळणाऱ्या संख्येने) गुणावे लागते. सांबरा आणि नांदेड यांच्या मध्यावर, म्हणजे साडेसतरा अंशांवर, तो अंश १०६ किलोमीटरचा होतो. हे टाळून दोन्हीकडे १११ धरणारी सूत्रे सर्रास फिरतात. ती वापरू नयेत.

अक्षांशांतला फरक ३.३२ अंश, म्हणजे ३६८ किलोमीटर, रेखांशांतला २.७ अंश, म्हणजे २८६ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सुमारे ४६६ किलोमीटर येतात.

एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरल्यास ५६ मिनिटे होतात. सांबऱ्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि नांदेड ईशान्येला आहे, त्यामुळे उड्डाणानंतरचे वळण, चढण, उतरण आणि जमिनीवरचे फिरणे यांसाठी आणखी वीस मिनिटे द्यावीत. एकूण सव्वा तास.

थेट विमान नसेल तर हा आकडा बाजूला ठेवून प्रत्येक टप्पा वेगळा मोजावा. दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्र असतील तर सामान पुन्हा द्यावे लागते, म्हणून मध्ये तीन तासांहून कमी ठेवू नयेत. निपाणीकरांना कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ सांबऱ्याहून जवळ पडते. त्यांनी हे सगळे गणित तेथून मांडावे.