माळावरचा सहा ठिपक्यांचा भुंगेरा कसा ओळखावा

पहिल्या पावसानंतर माळरानावर, गायरानात किंवा खडकाळ रानाच्या पायवाटेवर सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा काळाभोर भुंगेरा पळताना दिसला, तर आधी ठिपक्यांच्या जागा पाहा. दोन ठिपके मानेमागच्या ढालीवर आणि चार पाठीच्या कडक पंखांवर असतील, तर तो अँथिया सेक्सगुट्टाटा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७७५ साली दिलेल्या नावातला ‘सेक्सगुट्टाटा’ म्हणजे सहा थेंबांचा.

नुसते ठिपके मोजून भागत नाही. ते पांढऱ्या, दाट लवेचे असतात. लव झिजली की एखादा ठिपका पुसट होतो, आणि मोजणी चुकते. म्हणून अंगाची ठेवण पाहायची: ढाल पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, मागे निमुळती; जबडे पुढे आलेले; पाय लांब; मिशा दोऱ्यासारख्या. पाठीचे कडक पंख एकमेकांना जुळलेले असल्यामुळे हा उडत नाही.

घोटाळा होतो तो मुख्यतः ठिपकेवाल्या रानझुरळाशी, थेरिया पेटिव्हेरियानाशी. त्याच्यावर सात ठिपके असतात, अंग गोलसर आणि लहान, डोकं ढालीखाली लपलेलं. भुंगेऱ्याचं डोकं वरून स्पष्ट दिसतं. भात-खाचरातल्या वाघ भुंगेऱ्यावरही सहा ठिपके असतात. पण ते सगळे पंखांवर, आकार निम्म्याहून कमी, आणि जवळ गेलं की तो भुर्रकन उडतो. बिनठिपक्यांचा काळा, संथ भुंगेरा दिसला तर मागच्या पायाच्या टोकाचे सांधे मोजा. अशा काळ्या, संथ भुंगेऱ्यांच्या टेनेब्रिओनिड कुळात मागच्या पायाला चार असतात, अँथियाच्या सगळ्या पायांना पाच. भिंगाशिवाय हे जमत नाही.

फोटो तीन घ्या: एक बरोबर वरून, एक बाजूने, एक डोक्याचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. नाणं नको, रुपयाची नाणीच वेगवेगळ्या मापांची आहेत.

हातात मात्र धरू नका. डिवचल्यावर तो पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची चिळकांडी मारतो. फोटोसाठी तोंड अगदी जवळ नेणाऱ्याच्या डोळ्यांना धोका जास्त. डोळ्यात गेलंच तर चोळू नका; स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. दिवसा शोधताना दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खालचा विंचू किंवा साप पलीकडे जाईल, आणि पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवा.