फोटो एडिटिंगसाठी पीसी असेंबल करताय? या चुका टाळा

लग्नसराईच्या तोंडावर फोटोग्राफर मंडळी नवा पीसी करायला निघतात. लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचं दुकान, कोटेशनच्या पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड असतं आणि उरल्यासुरल्या पैशांत मॉनिटर बसवला जातो. फोटोच्या कामासाठी ही यादी खालून वर लिहायला हवी.

कारण रंग दिसतात ते मॉनिटरवर. आयपीएस पॅनेल (तिरकं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) आणि एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्याचं जवळपास १०० टक्के कव्हरेज एवढं आधी बघा. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताजं होणारं चित्र, गेम खेळणाऱ्यांना लखलाभ. अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब एसआरजीबीमधल्याच जेपीईजी मागतात, त्यामुळे अ‍ॅडोबी आरजीबीचा (एसआरजीबीहून मोठ्या रंगपट्ट्याचा) महागडा मॉनिटर सगळ्यांना लागत नाही. त्यातले पैसे वाचवून कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून नीट करणारं उपकरण) घ्या, चौघांत मिळून घेतला तरी चालेल. ‘अल्बम काळपट आला’ म्हणून लॅबवाल्याशी भांडण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस मोजा. नवा मॉनिटर बऱ्याचदा २५०-३०० निट्सवर (हे ब्राइटनेसचं एकक) झगमगत असतो. प्रिंटसाठी १०० ते १२० पुरे. झगझगीत पडद्यावर आपण फोटो नकळत गडद करत जातो.

रॅम ३२ जीबी घ्या, पण १६-१६च्या दोन स्टिक. एकाच स्टिकवर ड्युअल चॅनेल (दोन वाटांनी एकदम डेटा नेणं) मिळत नाही. दुकानदार बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण स्पीड देणारं एक्सएमपी (एएमडीच्या डीडीआर५ मशिनवर एक्स्पो) चालू करून देत नाही, मग ३६००च्या स्पीडचे पैसे मोजलेली डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६वर रांगते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की खरा स्पीड दिसतो. मशिन घरी नेण्याआधी दुकानातच बघा.

फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर लाइटरूम अडखळतंय? आधी त्याचा कॅटलॉग (फोटो आणि एडिटच्या नोंदींची फाइल) आणि प्रिव्ह्यू कुठल्या डिस्कवर आहेत ते पाहा. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५०-२०० एमबी वाचते, साधी एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे जाते. शिवाय कॅटलॉगमधल्या बारीकसारीक नोंदी शोधताना हार्ड डिस्कची आणखी दमछाक होते. चालू कामाच्या रॉ फाइलीही एसएसडीवर ठेवा, जुनी लग्नं हार्ड डिस्कवर. आणखी वेगवान पिढीच्या जेन ५ एसएसडीच्या नादी मात्र लागू नका, या कामात फरक जाणवणार नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. लेयर, मास्क, कलर करेक्शनला मधल्या दर्जाचं कार्ड पुरतं. अपवाद लाइटरूमच्या एआय डिनॉइजचा, म्हणजे फोटोतले दाणे काढण्याचा: २०२३मध्ये आलेलं हे फीचर जवळजवळ सगळा भार कार्डावर टाकतं. अंधाऱ्या हॉलमधले हाय आयएसओ फोटो शेकड्यांनी साफ करणार असाल तर किमान ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) घ्याच. आणि कार्ड घेऊनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खुपसलेली मशिन्स अजून दिसतात! केबल कार्डालाच लावायची.

शेवटचं यूपीएसचं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेक मॉडेलांत ३६०च्या आसपास. मशिन त्याहून जास्त वॅट ओढत असेल तर डिनॉइज चालू असताना वीज गेली की यूपीएस असूनही ते त्याच क्षणी बंद, आणि कॅटलॉग खराब होण्याची भीती वेगळीच. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचे वॅट जोडा, त्यात मॉनिटरचे धरा आणि यूपीएसवर लिहिलेला वॅटचा आकडा त्याहून मोठा आहे का ते बघूनच पैसे द्या.