ओटीडीआरचा आकडा आणि महापेचे दोन खड्डे

तुटलेली फायबर केबल शोधत महापेला दोन खड्डे खणून झाले होते. तिसरा खणायला सांगितलं तेव्हा मुकादमाने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं. रात्रीचे अडीच, वरून पाऊस, खणायची परवानगी सकाळी सहापर्यंतची आणि दोन्ही खड्ड्यांत केबल धडधाकट.

चूक अशी. ऐरोलीच्या टोकाला ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तूट किती लांब आहे ते दाखवणारं यंत्र) लावला, तुटीचं अंतर आलं 6.380 किलोमीटर. मी बाइक काढली, ठाणे-बेलापूर रोडने मीटर बघत गेलो आणि 6.4ला चुन्याची फुली मारली. खरी तूट तीनशे मीटर अलीकडे होती. नाल्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल ओढली होती.

ओटीडीआर काचेची, म्हणजे फायबरची, लांबी मोजतो, रस्त्याची नाही. वाटेत 14 चेंबर (केबलसाठी जमिनीत बांधलेले झाकणवाले खड्डे) होते आणि प्रत्येकात जादा केबलचा 15 मीटरचा लूप गुंडाळून ठेवलेला. झाले 210 मीटर. शिवाय केबलमधल्या ट्यूबच्या आत फायबर सरळ नसतं, पीळ घेत जातं, म्हणून ते केबलपेक्षा शेकडा एक-दोनने लांब भरतं. सहा किलोमीटरला आणखी नव्वदेक मीटर. त्यात यंत्रातला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) कोणी बदलून ठेवला असेल तर बघायलाच नको. 1.468च्या जागी 1.500 असेल तर दहा किलोमीटरला दोनशेहून जास्त मीटरचा घोळ होतो.

मग करायचं काय? टोकापासून मोजूच नका. ट्रेसवर, म्हणजे ओटीडीआरच्या पडद्यावरच्या आलेखावर, तुटीच्या आधीचा शेवटचा जॉइंट (दोन केबल जोडल्याची जागा) शोधा. समजा तिथून तूट 1,168 मीटरवर दिसते. पीळ वजा केला की केबल उरते 1,150च्या आसपास. आता त्या जॉइंटचा चेंबर उघडा आणि पुढे जाणाऱ्या केबलच्या काळ्या जॅकेटवर छापलेला मीटरचा आकडा वाचा. चिखल पुसा, टॉर्च तिरकी धरा, दिसतो. तिथे 2140 असेल तर तूट 3290च्या जवळ. पुढचे चेंबर उघडत जा. एकातून केबल 3242वर बाहेर पडते आणि पुढच्यात 3388वर शिरते, म्हणजे पहिल्यापासून 48 मीटरवर खणा. लूप मोजायची गरजच नाही, ते या आकड्यांत आलेच. छापील आकडे पुढे उतरते असतील तर बेरजेऐवजी वजाबाकी, बस्स.

हे मला कोणत्या साहेबाने शिकवलं नाही. रूटवर सायकलने फिरणाऱ्या एका पेट्रोलर काकांनी, तेही तिसऱ्या दिवशी, चहा पिता पिता सांगितलं. ‘दोन दिवसांत ओटीडीआर’वाल्या क्लासवर माझा राग आहे तो यामुळे. तिथे टेबलावरच्या रिळावर तूट दाखवतात. रिळाला चेंबर नसतात.

हल्लीची पोरं विचारतात, केबल टाकणाऱ्या जहाजावर कसं जायचं? जा, पण जागा मोजक्या. रोजगार जमिनीवर आहे. पूर्व आफ्रिकेचंच बघा. 2009पर्यंत तिथलं इंटरनेट उपग्रहाच्या भरवशावर होतं. त्या वर्षी सीकॉम आणि टीम्स या समुद्री केबल केनियातल्या मोंबासाला पोचल्या (सीकॉमचं एक टोक आपल्या मुंबईत आहे). पण युगांडा, रवांडाला किनाराच नाही, त्यांच्यापर्यंत जमिनीवरूनच जावं लागतं. नुसतं मोंबासा ते नैरोबी साधारण 480 किलोमीटर. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.2 डीबी (डेसिबल) धरला तरी 96 डीबी लॉस, म्हणजे सिग्नल पार क्षीण होतो आणि मधे मधे तो वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर आलेच. ते सांभाळायला माणसं लागतात. आणि 2024च्या मार्चमध्ये आयव्हरी कोस्टजवळ चार समुद्री केबल एकाच वेळी निकामी झाल्यापासून, पर्यायी जमिनीवरचा मार्ग हवाच, हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

त्याच मोंबासा-नैरोबी पट्ट्यात मी दीड वर्ष काढलं. वाटेतल्या व्होई गावाच्या आसपास ना दुकान, ना पाटी, नुसती तांबडी माती. तिथे बाइकच्या मीटरने मोजलं असतं तर माती उकरतच बसलो असतो. पहिली तूट काकांच्या पद्धतीने काढली, अकरा मीटर चुकलो. केनियन मुकादम ‘पोले पोले’ म्हणत हसला. सावकाश, सावकाश.

घाबरू नका, पहिले सहा महिने सगळेच चुकतात. पण जॉइंट रजिस्टर (कोणता जॉइंट कुठे आहे त्याची नोंदवही) न लिहिणाऱ्या टीमबरोबर काम करू नका, पगार दोन हजारांनी जास्त असला तरी. आणि बाहेर जायची संधी आलीच तर परतीचं तिकीट कोण काढणार ते आधी लिहून घ्या. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या, कारण सर्टिफिकेट त्यानंतरच ग्राह्य धरतात. माझा प्रवास त्यापायी आठवडाभर पुढे गेला होता.