सगळं घर घेऊन आठवडी बाजारात जायचं असेल तर हे वाचून जा

एकटा माणूस बाजारात गेला तर तासाभरात भाजी घेऊन परत येतो, पण आई, बायको, लेकरं सगळे निघाले की तो दिवसभराचा कार्यक्रम होते अन् संध्याकाळी घरी आल्यावर पैसे गेले कुठं हे कोणालाच आठवत नाही. पैसा मोठ्या वस्तूत जात नाही बरं का, ती तर आपण दहा ठिकाणी विचारून घेतो, तो जाते वीस-तीस रुपयाच्या वस्तूंत, अन् तेही आपण दमल्यावर. म्हणून कोणती खरेदी कधी करायची हे आधी ठरवा, भाव करणं त्याच्यानंतर.

सुरुवात आदल्या रात्री घरूनच करा. जेवण झालं की सगळ्यांना विचारून यादी कागदावर लिहा, मोबाईलवर नको, कारण मोबाईल एकाच्या खिशात राहते अन् यादी दुसऱ्याला पाहिजे असते. लिहितानाच डबे उघडून पाहा, नाहीतर खोबरं घरात पडलेलं असते अन् आपण अजून पाव किलो आणतो. जो घरी राहणार आहे त्याचा पाय कागदावर ठेवून पेनानं माप काढून घ्या अन् कमरेचं, उंचीचं माप सुतळीला गाठ मारून घ्या. नंबर सांगून चप्पल आणली की हमखास लहान-मोठी होते, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा.

पैसे एकाच खिशात ठेवू नका. किराणा-भाजीचे वेगळे, कपड्या-भांड्याचे वेगळे, अन् म्हाताऱ्या आईच्या हातात तिचे वेगळे द्याच, नातवाला काहीतरी घेऊन द्यायचं तिच्या मनात असते पण मागायला तिला बरं वाटत नाही. लेकरांनाही प्रत्येकाला पन्नास रुपये द्या अन् सांगा, फुगा घे नाहीतर आईस्क्रीम खा, तुझं तू पाहा, मग दर दुकानासमोर रडारड होत नाही, उलट ते स्वतःच भाव विचारायला शिकतात. दहा-वीसच्या नोटा जास्त न्या, गर्दीत नेटवर्क गेलं की स्कॅनर लावलेला असून काही फायदा नाही.

एसटीनं जात असाल तर हिशोब नीट लावा, महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं, अन् 75 च्या वरच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून फुकट. म्हाताऱ्यांचं वयाचं कार्ड आठवणीनं सोबत ठेवा.

निघायचं कधी? उन्हाळ्यात दुपारी दोनला लेकरं घेऊन विदर्भातल्या उन्हात फिरणं बरोबर नाही, पण अंधार पडल्यावर गेलं तर बल्बखाली कपड्याचा खरा रंग समजत नाही. चारच्या आसपास पोहोचलं की जमते. आधी कपडे-चप्पल, मग भांडे, मग किराणा, अन् भाजी सगळ्यात शेवटी. भाजी आधी घेतली की थैली जड होते, सांभार म्हणजे कोथिंबीर खाली दबून काळा पडते, अन् अंधार पडत आला की भाजीवाले तसेही वाटे लावून स्वस्तात देतात. हो, पण वांगे अन् पोपटाच्या (वालाच्या) शेंगा चांगल्या पाहिजे असतील तर त्या लवकर घ्या, मागून कीड लागलेल्याच उरतात. वाटा घेताना खालचे टमाटे वर करून पाहा.

तिखटासाठी मिरची घ्यायची असेल तर घाई नको करू, वर्षभर तेच खायचं आहे. नवी मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते, तेव्हा घ्या. एक मिरची वाकवून पाहा, कटकन मोडली तर वाळलेली आहे, नुसतीच वाकली तर ओली आहे अन् तुम्ही पाण्याचे पैसे देताय. पांढरट पडलेली, म्हणजे फटकी मिरची, कितीही स्वस्त दिली तरी नको, तिखटाला रंग येत नाही. देठासकट घेतली तर देठ तोडल्यावर वजन कमी भरते हे धरूनच भाव करा. भिवापुरी मिरची अन् वायगावची हळद ही आपल्याच भागातली, दोन्हीला जीआय मानांकन, म्हणजे त्या-त्या भागातला माल असल्याची सरकारी ओळख, आहे, पण त्यांचं नाव सांगणाऱ्या सगळ्यांकडं तोच माल नसते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलेली बरी.

वजनाकडं लक्ष ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल टाकायच्या आधी शून्य दिसलं पाहिजे, टोपली ठेवून तोलत असेल तर टोपलीचं वजन आधी वजा करायला लावा, दगड किंवा विटेनं तोलणाऱ्याला सरळ सांगा, "भाऊ, बाट (वजनमाप) लावा ना." पाकिटबंद वस्तूला एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, थंड बाटली असली तरी. कोणी घेतलाच तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. पाकिटावर ग्रॅममागचा किंवा मिलीमागचा भावही छापलेला असते, तो लहान-मोठ्या पुड्यांचा लावून पाहा, मोठी पुडी दरवेळी स्वस्त असतेच असं नाही.

भाव करायचा तो कपडे, चप्पल, प्लास्टिकचे डबे, खेळणी यांचा. तीन दुकानं फिरून एकाच वस्तूचा भाव विचारा, मग आपला आकडा सांगा अन् "बरोबर लावजा भाऊ, पुढच्या बाजारालेही येऊ" एवढं म्हणून थांबा, जास्त बोलायची गरज नाही. पण जी माय आपल्या शेतातली मेथी घेऊन बसली आहे तिच्याशी दोन रुपयासाठी हुज्जत घालू नका, तिला परत जायचं भाडंही त्याच्यातूनच काढायचं असते.

स्टीलचे भांडे वजनावर मिळतात, नाव टाकायचे पैसे वेगळे आहेत का ते आधीच विचारा. घरातलं फुटकं पितळ-तांबं मोडीत देता येते, पण त्याचं वजन घरीच करून निघा. प्रेशर कुकर मात्र बिना आयएसआयचा घेऊच नका, शंभर-दोनशे वाचतात पण ते घरातल्या बाईच्या जिवावर. लग्नाची खरेदी असेल तर हा बाजार कामाचा नाही, सरळ नागपूरच्या इतवारीला जा.

मधात एकदा सगळ्यांनी बसून आलूबोंडा-चहा घ्या, भुकेल्या पोटी माणूस जे दिसलं ते घेते. पाणी मात्र घरचंच न्या.

घरी पोहोचल्यावर कितीही थकवा असला तरी कपडे अन् चपला त्याच रात्री घालून पाहा, शिवण ओढून पाहा, लेबल काढू नका. दुकानदार पुढच्या आठवड्यात बहुतेक त्याच जागेवर बसते, वापरलेलं नसेल तर बरेच जण बदलून देतात. मिरची दुसऱ्या दिवशी उन्हात टाका, मगच डब्यात भरा.