जुन्या फोनचा पडदा असा तपासावा
इंदूरच्या जेल रोडवर जुना फोन घेताना दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली पडद्याचे दोष सहज लपतात, म्हणून फोन सावलीत नेऊन, काच पुसून, ब्राइटनेस पूर्ण वाढवावा आणि पांढरी, काळी, करडी, लाल, हिरवी व निळी अशी कोरी चित्रे एकामागून एक पडदाभर उघडावीत. पांढऱ्यावर जागचा न हलणारा काळा ठिपका म्हणजे बहुधा मेलेला पिक्सेल, अर्थात पडद्याचा बंद पडलेला बारीक प्रकाशबिंदू. करड्यावर कीबोर्डची पुसट सावली दिसली, तर ओलेड पडदा (ज्यातला प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो) जळालेला, म्हणजे जुने चित्र त्यावर कायमचे उमटलेले असून तो डाग जात नाही. स्पर्शासाठी एखादे आयकॉन दाबून धरावे आणि कडाकोपऱ्यांतून सावकाश फिरवावे. ते बोटाखालून वारंवार एकाच जागी निसटले, तर तिथला स्पर्श गेलेला समजावा. स्क्रीनगार्ड मात्र आधीच काढायला लावावा, दुकानदार कितीही कुरकुरला तरी.