टायगर मॉथला २० सीसीचं पेट्रोल इंजिन बसवताना

टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश बायप्लेनच्या (दोन थरांत पंख असलेल्या विमानाच्या) पाव मापाच्या रेडिओ-नियंत्रित मॉडेलचा पंखविस्तार सुमारे २.२४ मीटर भरतो. त्याला २० सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पुरतं. सिलिंडर खाली ठेवून ते उलटं बसवा. मूळ विमानाचं जिप्सी मेजर इंजिनही उलटंच होतं, त्यामुळे काउलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आकारात ते सहज मावतं.

भोकं पाडण्याआधी काउल टेपने चिकटवून माप घ्या. प्रोप ड्रायव्हर (प्रोपेलर ज्यावर टेकतो ती चकती) काउलच्या पुढे ३ मिमी यायला हवा, आणि त्या हिशेबाने स्टँडऑफची (इंजिन पुढे धरणाऱ्या खांबांची) लांबी ठरवायची. फायरवॉल, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती भिंत, ६ मिमी बर्च प्लायची असावी. तिच्या कडांना आतून त्रिकोणी पट्ट्या एपॉक्सीने लावा आणि पुढच्या बाजूला पातळ एपॉक्सीचा हात द्या. पेट्रोल मुरलेली प्लाय पुन्हा चिकटत नाही.

खरी चूक होते ती राइट थ्रस्टमध्ये, म्हणजे इंजिन किंचित उजवीकडे वळवून बसवण्यात. दोन अंश पुरतात. डाव्या-उजव्या बोल्टांमध्ये ५० मिमी अंतर असेल, तर डाव्या (मागून पाहता) बोल्टांखाली सुमारे १.७५ मिमी जाडीचे वॉशर टाका. पण एवढ्यावर थांबलात तर प्रोप काउलच्या मध्यापासून उजवीकडे सरकतो. फायरवॉलपासून प्रोपपर्यंत १६० मिमी असेल, तर दोन अंशांत तो साडेपाच मिमीने सरकतो. म्हणून इंजिनाचा मध्य फायरवॉलवर तेवढाच डावीकडे धरून मगच भोकं पाडायची.

बायप्लेनचं नाक आखूड असतं, त्यामुळे शेपूट जड होते. इग्निशन मॉड्यूल आणि त्याची बॅटरी फायरवॉलला लागूनच ठेवा. दोन्ही फोममध्ये गुंडाळा, स्क्रूने घट्ट आवळू नका. रिसीव्हर मात्र यांच्यापासून जितका लांब जाईल तितका बरा. प्लग कॅपवरचं धातूचं जाळीदार आवरण प्लगवर घट्ट बसलेलं हवं, सैल असलं की रेडिओत अडथळा येतो. थ्रॉटलचा दांडा प्लास्टिकचा घ्या. याउपरही सीजी (गुरुत्वमध्य) मागे राहिला तरच नाकात शिसं.

टाकी नाकात कोंबायची गरज नाही. पेट्रोल कार्बोरेटरचा डायफ्रॅम पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो आणि इंधन मागून ओढतो, म्हणून ३०० ते ३५० मिलीची टाकी सीजीवरच ठेवा. इंधन संपलं तरी तोल बदलत नाही, बहुतेक ग्लो इंजिनवाल्यांना (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांना) ही सोय नाही. सिलिकॉनची नळी वापरू नका, पेट्रोलमध्ये ती फुगते आणि सुटते. टायगॉन (पेट्रोल सोसणारी नळी) घ्या आणि टाकीचं बूचही पेट्रोल चालणारंच. नळ्या तीन: एक कार्बोरेटरकडे, एक हवेसाठी, एक भरण्यासाठी.

थंडाव्यासाठी नुसती पुढची भोकं मोठी करून भागत नाही. हवा बाहेर जायचा मार्ग आत येण्याच्या मार्गाच्या दुप्पट-तिप्पट हवा. शिवाय प्लायचा किंवा पातळ पत्र्याचा आडोसा लावून ती सिलिंडरच्या पात्यांमधूनच जाईल असं करा, नाहीतर ती मोकळ्या फटीतून निसटते. गरम इंजिन हवेत मलूल पडू लागलं, तर कार्बोरेटरची सुई (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवण्याआधी आडोसा तपासा.

प्रोप १७×६ घ्या (१७ इंच व्यास, ६ इंच पिच, म्हणजे पात्यांचा एका फेऱ्यातला पुढचा पल्ला). दोन पंख आणि तारांचं एवढं ओझं ओढायला जास्त पिच उपयोगाची नाही.

मिश्रण ३०:१, म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये ३३ मिली टू-स्ट्रोक तेल. कार्बोरेटरच्या दोन्ही सुया (कमी वेगाची ‘लो’ आणि जास्त वेगाची ‘हाय’) दीड फेरा उघड्या ठेवून सुरुवात करा. शेपूट दुसऱ्याने धरावी. चोक बंद, इग्निशन चालू, प्रोप फिरवा. एकदा ‘फट्’ झालं की लगेच चोक उघडा. उलट्या इंजिनात चोक जास्त वेळ ठेवला तर पेट्रोल थेट प्लगवर साचतं. ते झालंच तर प्लग काढून पुसणं एवढाच उपाय.

आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. हवा-इंधनाचं मिश्रण त्यामुळे थोडं पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं, म्हणून हाय सुई किंचित उघडी ठेवा. दिवस संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. इथेनॉल ओलावा शोषतं आणि पडून राहिलं की डायफ्रॅम कडक करतं.

लाकडी प्रोप दाबला जातो, पहिल्या काही उड्डाणांनंतर त्याचा नट पुन्हा आवळावाच लागतो. मफलरच्या बोल्टांना लॉक वॉशर लावा, थ्रेड लॉक त्या उष्णतेत टिकत नाही.