आगोटीच्या आधी: कौलं, उतार आणि चुना

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात मे महिना लागला, आगोटी म्हणजे पावसाळा तोंडावर आला की गवंडी सापडत नाही. चांगले हात गोव्याला कामावर, मागं उरतात ते ‘उद्या येतो’ म्हणणारे. तीन वर्षं त्या उद्याची वाट बघितली आणि चौथ्या वर्षी शिडी मीच लावली. आत्ती खालून ओरडत होत्या, ‘पडशील गं!’ पडले नाही.

आधी माझी चूक सांगते. माजघराच्या भिंतीला ओल होती, म्हणून मी हौसेनं प्लास्टिक पेंटचा महागडा डबा आणून दोन हात मारले. आषाढात त्याच भिंतीला फोड आले. एक नखानं फोडला तर आतून पाणी! जांभ्याच्या चिऱ्याची भिंत पाणी पिते. तिला वाळायला वाट नाही ठेवली की ती रंगच ढकलून देते. पाणी येत होतं दोन ठिकाणांहून, वर फुटकं कौल आणि खाली अंगणाचा भिंतीकडं उतार. त्यामुळं माझा क्रम आता ठरलेला आहे: आधी कौल, मग अंगण, रंग सगळ्यात शेवटी.

कौल शोधायचं काम टळटळीत दुपारी करा. दारं-खिडक्या लावून आत उभं राहिलं की फुटक्या जागी उजेडाची बारीक चांदणी दिसते. तिथल्या रिपेवर, म्हणजे कौल टेकतं त्या आडव्या पट्टीवर, खडूनं फुली मारून ठेवा. थेंब पडतो तिथंच भोक असतं असं मात्र नाही. पाणी वाशावरून घरंगळत चार फूट लांब जाऊन टपकतं. वाशावरचा काळा डाग वर वर बघत गेलं की मूळ सापडतं.

नवं कौल आणायला जाताना जुनं पिशवीत घालून न्या. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढं असे कारखाने ठिकठिकाणी निघाले आणि प्रत्येकाचा साचा वेगळा. दिसायला सगळी ‘मंगळुरी’च, पण एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही. आमच्याकडं पाडलेल्या जुन्या घरांची कौलं विकायला असतात, त्यात हुडकलं तर जुळणारं मिळतं. घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर त्याला चीर आहे.

बदलायला छपरावर चढू नका. खाली माळा नसेल तर आतूनच जमतं. शिडी कुणाला तरी धरायला लावा. फुटक्याच्या वरचं कौल आणि ज्या बाजूनं शेजारचं कौल त्यावर चढलंय ते, दोन्ही जरा उचलून खाली लाकडाची पाचर सरकवायची. मग फुटकं वर उचललं की त्याचा मागचा दात रिपेवरून सुटतो. तुकडे आत ओढून घ्या, नवं त्याच वाटेनं बाहेर सरकवा, दात रिपेवर बसला की पाचरी काढा. पहिल्या कौलाला मला तास लागला, पाचव्याला दहा मिनिटं. आढ्यावरच्या कोन्यांना, म्हणजे छपराच्या शेंड्यावरच्या कौलांना मात्र मी हात लावत नाही, ते माहितगारालाच सांगते.

अंगणाला लागतो फक्त पारदर्शक पाईप आणि पाणी. पाईप भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक मी भिंतीशी धरते, दुसरं थोरला लेक दहा फुटांवर धरतो. दोन्हीकडं पाणी एका पातळीत थांबतं, त्याची खूण करून जमिनीपर्यंत मोजायचं. भिंतीकडच्यापेक्षा लांबचं माप साधारण सहा इंच जास्त भरलं तर उतार चांगला. आमच्याकडं उलटं होतं, दोन इंचांनी! म्हणजे सगळी पागोळी घराच्या पायातच मुरत होती. चार दिवस सकाळी उन्हाच्या आत मुरूम ओढला, पाणी मारून चोपणं घातलं, झालं.

आता चुना. बाजारात मी कानडीत ‘सुण्ण कोडी’, म्हणजे चुना द्या, म्हणते आणि दुकानदार मराठीत विचारतो, ‘खायचा की भिंतीचा?’ भिंतीला कळीचा, म्हणजे न विरवलेल्या खड्यांचा आणा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडा. कळ्यांवर पाणी ओतू नका, अंगावर उडतं. चुना रटरटून उकळतो, प्लास्टिकची बादली वितळते आणि ॲल्युमिनियमला तो खातो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पोरं-मांजरं लांब. डोळ्यात उडालाच तर वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरकडं.

वर पाणी राहील असा तो आठवडाभर झाकून ठेवा, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. चिमूटभर नीळ घातली की पिवळट झाक जाते. दाटपणा दुधाइतका. माझा पहिल्यांदा ताकाच्या कढीसारखा झाला आणि वाळल्यावर पापुद्रे सुटले. भिंत घासून, पाण्यानं भिजवून, पातळ तीन हात द्या, प्रत्येक हातामध्ये एक दिवस सोडून. जुना प्लास्टिक किंवा ऑइल पेंट असेल तर तो आधी खरवडा, त्यावर चुना धरत नाही. मला त्या फोडांच्या भिंतीवर दोन दिवस पत्रा घासत बसावं लागलं.

कुंचा फिरवल्यावर भिंत आधी राखाडी, ओलसर दिसते आणि वाटतं, काहीच लागलं नाही. घाबरून लगेच दुसरा हात मारू नका. हवा लागून चुना हळूहळू घट्ट आणि पांढरा होत जातो. माझ्या आत्ती सकाळी उठून बघत म्हणाल्या, ‘रात्रीत कोण रंगवून गेलं गं?’

वळवाची पहिली सर आली की छत्री घेऊन भिंतीभोवती एक चक्कर मारा, पाणी कुठं थांबतंय ते तेव्हाच दिसतं. आमच्याकडं मोरीच्या कोपऱ्यात अजून थांबतं. तिथला मुरूम या रविवारी.